मदत हवी आहे: खोट्या डिस्कवर ६३ नंबरचा सेक्टर एकदा चालतो, एकदा नाही

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. ऑफिससाठी एक स्क्रिप्ट करतोय, नवीन डिस्क लावली की ती पार्टिशन पाडून एक्सएफएस फाइल सिस्टीम टाकते, आणि तिला सगळ्या वाकड्यातिकड्या डिस्कांवर पळवून बघायचंय. आता त्यासाठी जेल रोडवर जुन्या हार्डडिस्क धुंडाळत कोण फिरणार, म्हणून लिनक्सचं एससीएसआय डीबग मॉड्यूल लावलं, ते रॅममध्येच डिस्क उभी करतं आणि लेआउट आपण सांगू तसा दाखवतं. साइज ५१२ एमबी दिलीय कारण नवीन एमकेएफएस (फॉरमॅट करणारी कमांड) ३०० एमबीच्या खाली एक्सएफएस करतच नाही.

आधी लॉजिकल सेक्टर (डिस्क बाहेर दाखवते तो तुकडा) ५१२ बाइट, फिजिकल (आतला खरा ब्लॉक) ४०९६ आणि लोएस्ट अलाइन्ड (फिजिकल ब्लॉकच्या सीमेवर बसणारा पहिला सेक्टर) ७ दिलं. २०४८ नंबरच्या सेक्टरपासून पार्टिशन पाडलं की अलाइनमेंट ऑफसेट (पुढची जुळणारी सीमा किती बाइट लांब आहे ते) ३५८४ येतो, एमकेएफएस अडून बसतो, फोर्स (जबरदस्तीचा ऑप्शन) मागतो. ६३ पासून पाडलं की ऑफसेट ०, गुपचूप फॉरमॅट. इथपर्यंत मस्त.

मग रेडसारखं (RAID, अनेक डिस्क जोडून केलेली एक) दिसावं म्हणून मिनिमम आयओ (एका वेळी निदान एवढं वाचा-लिहा असं डिस्क सांगते ते माप) ६४ केबी आणि ऑप्टिमल (सगळ्यात सोयीचं माप) ५१२ केबी केला, बाकी कशाला हात नाही लावला, तर त्याच ६३ वर ऑफसेट ३६८६४!! फिजिकल ब्लॉक तोच आहे ना मग हे कुठून आलं? मॉड्यूल गंडलंय का? (लूप डिव्हाइस, म्हणजे फाइललाच डिस्क म्हणून दाखवणं, ते वापर असं प्लीज सांगू नका, त्यात सेक्टर साइज देता येते पण ऑफसेटचं हे नाटक नाही करता येत.)

उत्तर १:
भिया, मॉड्यूल ठीक आहे. पार्टिशनचा ऑफसेट काढताना कर्नल (लिनक्सचा गाभा) फिजिकल ब्लॉक आणि मिनिमम आयओ यांतला जो मोठा असेल तो धरतो. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२२५६, त्याला ४०९६ ने भाग, बाकी ३५८४, डिस्कच्या ऑफसेटशी (७ गुणिले ५१२) जुळली म्हणून ०. आता भागायचंय ६५५३६ ने, तिथे बाकी ३२२५६ च राहते, आणि पुढची जुळणारी जागा बरोबर ३६८६४ बाइट लांब. सेक्टर असा घे की १२८ ने भागून बाकी ७ येईल, २०५५ टाकून बघ.

धागाकर्ता:
आलं! २०५५ वर ऑफसेट ०, फोर्स न देता झालं, एसयुनिट १६ आणि एसविड्थ १२८ ब्लॉक (एक्सएफएसने धरलेली रेडच्या पट्ट्यांची मापं) दाखवतोय. स्क्रिप्टमधला २०४८ काढून हाच हिशोब टाकतो. पण एक्सटी४ (दुसरी फाइल सिस्टीम) वाला एमकेएफएस अशा तिरक्या पार्टिशनवर अडतो की नुसता ओरडून पुढे जातो, कोणी करून बघितलंय का?