मदत हवी आहे : केसगळतीसाठी फिनास्टेराइड सोडून ड्युटास्टेराइडवर जावं का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, वय 34. वडील, दोन्ही काका, सगळ्यांना टक्कल, त्यामुळे आपलाही नंबर लागणार हे माहीत होतंच. तीन वर्षं रोज फिनास्टेराइडची 1 मिग्रॅ गोळी आणि रात्री डोक्याला लावायला 5 टक्के मिनॉक्सिडिल चालू आहे. दोन वर्षं केस टिकले. यंदा गड्ड्याच्या यात्रेतले फोटो बघितले, तर भोवऱ्यावर सरळ कातडी दिसायली की ओ!

डॉक्टर म्हणाले, ड्युटास्टेराइड 0.5 मिग्रॅ घ्या. डीएचटी (टक्कल पाडणारं हार्मोन) बनवणाऱ्या दोन एन्झाइमपैकी फिनास्टेराइड मुख्यतः एकच अडवतं, हे दोन्ही अडवतं, म्हणून डीएचटी जास्त खाली येतं, एवढं कळलं. पण हे औषध अंगातून पूर्ण जायला काही महिने लागतात. म्हणजे लैंगिक इच्छा कमी होणं वगैरे त्रास झालाच, तर गोळी थांबवून लगेच सुटका नाही. त्यात आमचा बाळाचा विचार चाललाय. बायकोसमोर डॉक्टरांना शुक्राणूंचं विचारायची लाज वाटली, पुढच्या वेळी एकटाच जाणार.

आणखी एक. ड्युटास्टेराइडच्या शेवटच्या गोळीनंतर सहा महिने रक्तदान बंद. फिनास्टेराइडलाही महिनाभर थांबावं लागतं, हे मला आत्ता कळलं. शिवजयंतीच्या शिबिरात दोनदा देऊन बसलोय!

कुणी असा बदल केलाय का? फिनास्टेराइड थेट बंद केलं का? सुरुवातीला केस जास्त गळले का? मूल होईपर्यंत थांबलेले कुणी आहेत का? कांद्याच्या रसाचे सल्ले नकोत, आईने ते सगळं करून झालंय.