‘बाहेर हात लागला की वॉरंटी गेली’ हे सर्व्हिसवाले लिहून का देत नाहीत?

बॉनेटखालचा:
परवा ३०,००० किमीची सर्व्हिस होती. गाडी तिसऱ्या वर्षात, वॉरंटीत. अधिकृत सेंटरचं एस्टिमेट १३,८०० रुपये. ऑइल, फिल्टर वगैरे ठीक आहे. बाकी काय, तर इंजिन डीकार्बनायझिंग (आतली काजळी काढणं), एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. मॅन्युअलमधल्या तक्त्यात यातलं एकही नाही. आमचा गॅरेजवाला कंपनीचेच फिल्टर आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच ऑइल घालून ५,२०० म्हणतो. हे ॲडव्हायझरला सांगितलं, तर म्हणाला, "सर, बाहेर हात लागला की वॉरंटी गेली."

म्हटलं, "जॉबकार्डावर लिहून द्या."

हसला. "असं लिहून कोण देतं, सर?"

लिहून द्यायची पंचाईत आहे म्हणून देत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. त्याच आदेशात असंही आहे की बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. माझं मत सरळ आहे: रूटीन सर्व्हिस बाहेर करा, बिलं जपा, कोणी धमकावलं तर लेखी मागा.

जुना_ॲडव्हायझर:
काउंटरच्या पलीकडे नऊ वर्षं बसलोय, म्हणून थोडं लांबण लावतो. डीकार्बनायझिंगबद्दल शंभर टक्के सहमत. त्याचं आम्हाला टार्गेट असायचं. नको म्हणा, कोणी काही करत नाही.

पण क्लेम कसा पास होतो ते बघा. तुमचा टर्बो गेला. डीलर फोटो आणि हिस्टरी कंपनीच्या वॉरंटी विभागाला पाठवतो. तिथल्या माणसाने तुमची गाडी पाहिलेली नसते, त्याला फक्त स्क्रीन दिसते. २०,००० नंतर सिस्टिममध्ये एकही नोंद नाही. इंजिन उघडलं तर आत गाळ. आता योग्य ऑइल वेळेवर घातलं होतं हे पटवायचं कोणी? कोपऱ्यावरच्या कच्च्या चिठ्ठीने? आणि हा लढा चालू असताना गाडी तीन महिने आमच्या आवारात धूळ खात उभी, ईएमआय तुमचा चालूच.

दुसरं, बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. जुन्या सवयीने ड्रममधलं ओतलं, तर फिल्टर चोंदतो आणि बिल लाखाच्या घरात जातं. तुमच्या ५,२०० वाल्याला हा फरक ठाऊक आहे का?

बॉनेटखालचा:
माझी पेट्रोल आहे, पण मुद्दा मान्य. मात्र तो "चुकीचं ऑइल घातलं तर" असा आहे, "बाहेर घातलं तर" असा नाही. त्या दोन वाक्यांतच सगळी गोम आहे, आणि काउंटरवर नेमकं दुसरंच ऐकवलं जातं.

वकिलीण_काकू:
२०१४ चा आदेश नाचवताना पुढचंही सांगा. कंपन्या अपिलात गेल्या. टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्याबाबत अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये ठपका कायम ठेवला, दंड मात्र बराच कमी केला. इतर कंपन्या उच्च न्यायालयात कायद्याच्या कलमांवरच भांडत बसल्या. त्यामुळे आदेशाची प्रत दाखवली की सेंटरवाला शरण येईल, अशा भ्रमात राहू नका.

भांडायचंच तर ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तू-सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. आणि एक्सटेंडेड वॉरंटी हा वेगळा करार असतो, त्याच्या अटी वेगळ्या वाचा. तिथे बहुतेक लोक फसतात.

जव्हारकर:
तुमचं सगळं शहरी भांडण. मला नाशिकला जायचं तर घाट उतरून-चढून सुमारे ८० किमी. एक दिवस मोडतो, डिझेल वेगळं. इथला मिस्त्री डोळ्यासमोर ऑइल बदलतो. तिकडे काचेआड चहा पीत बसायचं, आणि फिल्टर बदलला की नुसता फुंकला हे देवाला माहीत.

जुना_ॲडव्हायझर:
@जव्हारकर, फुंकलेले फिल्टर मी पाहिलेत. नाही म्हणणार नाही.

एडिसनकर:
इकडे अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे. अमुकच ठिकाणी सर्व्हिस करा किंवा अमुकच ब्रँडचा पार्ट पैसे देऊन घ्या, अशी अट वॉरंटीला जोडता येत नाही. मी ड्राइव्हवेत स्वतः ऑइल बदलतो, डब्याची पावती आणि ओडोमीटरचा फोटो ठेवतो. तरी डीलर कुरकुरतातच.

टीना_टपरी:
स्वतः बदलता हो, पण आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये गाडी धुतली तरी सेक्रेटरी नोटीस लावतो.

हिशेबनीस:
माझं मत उलट. आठ हजार वाचवून गाडी विकताना जास्त घालवाल. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं: कंपनी हिस्टरी आहे का? हक्क आहे म्हणून वापरलाच पाहिजे असं नाही. वॉरंटीत असेपर्यंत कंपनीत, जास्तीची कामं लाल पेनने खोडून. नंतर खुशाल बाहेर.

बॉनेटखालचा:
लाल पेन आवडलं. तेच करून पाहिलं: तीन ओळी खोडल्या आणि एस्टिमेट ७,४०० वर आलं. म्हणजे सहा हजारांच्या वर त्या तीन ओळींचेच होते! तरीही गाडी गॅरेजमध्येच दिली. कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकला होता, "बाहेर सर्व्हिस केल्यास वॉरंटी रद्द होते का, हो किंवा नाही कळवा." चार दिवसांनी उत्तर आलं: "कृपया आपल्या जवळच्या डीलरशी संपर्क साधावा."

जुना_ॲडव्हायझर:
ऑइलचा ग्रेड बिलावर लिहून घेतलात ना? नुसतं ‘इंजिन ऑइल’ नको.

बॉनेटखालचा:
‘इंजिन ऑइल’ एवढंच लिहिलंय. उद्या जाऊन बदलून आणतो.