ताण घटला म्हणता, पण मोजला कोणाचा?

निळीछत्री (धागाकर्ती)

परवा इथे एका एचआरताईंची पोस्ट आली होती. त्यांच्या कंपनीने आठ आठवड्यांचा ऑनलाइन वेलबीइंग (मनःस्वास्थ्याचा) कार्यक्रम अ‍ॅपवर घेतला आणि तो पूर्ण करणाऱ्यांचा ताण बराच उतरला, असं त्यात होतं. इथवर ठीक. शेवटी मात्र लिहिलंय, 'यापुढे बर्नआउटची तक्रार करणाऱ्यांनी आधी अ‍ॅप उघडावं, मग बोलावं.' हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

आमच्याकडेही असाच कार्यक्रम झाला. पुण्याचं हिंजवडी आयटी पार्क, फेज टू. सत्र सव्वा एकला, म्हणजे ऐन डब्याच्या वेळी. कॅमेरा चालू हवा, हजेरी लागणार. माझ्या शेजारच्या मुलीच्या एका कानात 'श्वास सावकाश आत घ्या' आणि दुसऱ्या कानाला फोन, त्यावर एस्कलेशनचा, म्हणजे वरपर्यंत गेलेल्या तक्रारीचा कॉल. डबा उघडा पडलेला, एक घास मोडलेला नाही. सत्र संपल्यावर तिने फीडबॅकला पाचपैकी पाच दिले, कारण फॉर्मवर एम्प्लॉयी आयडी आपोआप येत होता. तिसऱ्या आठवड्यापासून ती सत्राला आलीच नाही. आम्ही चौदा जणांनी सुरुवात केली, शेवटपर्यंत पोचले पाच, आणि त्यातले तिघे तेव्हा बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना होते. अहवालात आले ते हेच पाच.

ज्याला वेळ आहे तोच कार्यक्रम पुरा करतो, आणि ज्याला वेळ आहे त्याचा ताण मुळात कमी असतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्याच जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांवर याची नीट परीक्षा घेतली. तो कार्यक्रम नुसत्या ताणाचा नव्हता, एकूण आरोग्याचा होता, पण मुद्दा तोच. कार्यक्रम कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. भाग घेणारे आणि न घेणारे अशी नेहमीची तुलना केली तर फायदा ढळढळीत दिसत होता. चिठ्ठीने पडलेले दोन गट शेजारी ठेवले, तर औषधपाण्याच्या खर्चात किंवा व्यायामाच्या सवयीत म्हणावा असा फरक नाही. भाग घेणारे आधीपासूनच बरे होते.

शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्याने येणारी अवस्था म्हणून. मूळ कामात असताना इलाज फक्त माणसावर का करायचा?

एचआर_औंध

ती पोस्ट माझीच. शेवटचं वाक्य मी रागात लिहिलं, ते चुकलं. बाकीचं मागे घेणार नाही.

तुम्ही समजता तसं आमच्या हातात फार काही नसतं. टार्गेट मी ठरवत नाही, माणसं किती घ्यायची हेही नाही. या कार्यक्रमाचं बजेट मंजूर करून घ्यायला मला सात महिने लागले. आणि इलिनॉयचं सांगताना जर्मनीचं का सोडलंत? २०१६ मध्ये तिथली चाचणी छापून आली आहे, खास ताणाच्या ऑनलाइन कोर्सची. ताण जास्त असलेले २६४ कर्मचारी, दोन गट तुमच्या इलिनॉयसारखेच चिठ्ठीने पाडलेले, सात सत्रं, प्रत्येक सत्रानंतर कोचचं लेखी उत्तर. ताण चांगलाच उतरला आणि सहा महिन्यांनीही फरक टिकून होता. म्हणजे काहीच होत नाही हे तुमचं म्हणणं खोटं ठरतं.

निळीछत्री

काहीच होत नाही असं मी म्हटलेलंच नाही. जर्मनीत कोच होता, प्रत्येकाला उत्तर लिहीत होता. आपल्याकडे अ‍ॅपचं लॉगिन मेलवर येतं आणि संपलं. आणि ब्रिटनचंही बघा. ऑक्सफर्डच्या संशोधकाने २०२४ मध्ये २३३ संस्थांमधल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. अ‍ॅप, रेझिलियन्सचं (ताण पेलायचं) ट्रेनिंग, माइंडफुलनेस घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा काही बरे निघाले नाहीत. थोडा फरक दिसला तो फक्त समाजकार्यात वेळ देणाऱ्यांत.

आकडेमोड

निळीछत्री, हे चालणार नाही. ऑक्सफर्डची ती पाहणी आहे, तिथे चिठ्ठ्या नव्हत्या. कदाचित जे जास्त पिचलेले होते त्यांनीच अ‍ॅप उघडलं असेल. एचआरताईंना जो नियम लावलात तो स्वतःलाही लावा.

एचआरताई, जर्मनीतल्या दुसऱ्या गटाला 'तुमची पाळी नंतर' म्हणून थांबवलं होतं. थांबलेल्या माणसाला आपण थांबलोय हे माहीत असतं, आणि ताण मोजला तो ज्याने त्याने स्वतः भरलेल्या दहा प्रश्नांवर. फायदा खोटा म्हणत नाही, फुगलेला असू शकतो. शिवाय २०१९ मध्ये मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅपची वापराची आकडेवारी तपासली गेली होती. पंधराव्या दिवशी अ‍ॅप उघडणारे साधारण शंभरात चार.

कर्वेरस्ता

तुमचे आकडे तुमच्यापाशी. मी त्या चारांतली आहे.

मागच्या वर्षी संध्याकाळी कंपनीची बस भूमकर चौकात अडकली होती आणि माझे हात थरथरायला लागले. खिडकीची काच धरून बसले. घरी सांगायची सोय नव्हती, सासूबाईंचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मॅनेजरला सांगितलं असतं तर अप्रेझलमध्ये निघालं असतं. रात्री पावणेदोनला कंपनीच्या त्या कोर्सचा तिसरा भाग उघडला. पानाचे दोन भाग करा, माझ्या हातातलं आणि हातात नसलेलं. मुलाच्या जुन्या वहीत लिहून काढलं. उजवी बाजू भरली, डावीकडे तीनच ओळी. त्या तीन ओळींवर मी पुढचे दोन महिने काढले. रात्री दोनला दुसरं कोण भेटणार होतं मला? अ‍ॅपला नावं ठेवणाऱ्यांचा म्हणूनच राग येतो.

एचआर_औंध

कर्वेरस्ता, लिहिलंत ते बरं केलंत. पुन्हा तशी वेळ आली तर १४४१६ लक्षात ठेवा, टेली मानसचा, मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं आणि कंपनीला कळत नाही.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स. आमच्या हॉस्पिटलनेही असं अ‍ॅप दिलं. रोज रात्री दहाला मेसेज, 'आता फोन बाजूला ठेवा, झोपेची वेळ झाली.' दहाला माझी ड्युटी नुकती सुरू झालेली असते. मला सत्र नको, वॉर्डात आणखी एक माणूस हवा.

बाणेरवासी

सगळे बोलताहेत, राजीनाम्यानंतरच्या नोटीस पीरियडवर कोणी बोलत नाही. नव्वद दिवस! ताण असह्य झाला तर माणूस पेपर टाकणार, आणि टाकल्यावर त्याच खुर्चीत तीन महिने बसणार. माझी दुसरी ऑफर गेली, त्यांना माणूस तीस दिवसांत हवा होता. बायआउट द्यायची, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटायची माझी तयारी होती, यांनी नाकारलं. केटी (काम दुसऱ्याला समजावून देणं) दोन आठवड्यांत संपली, तरी शेवटच्या दिवशी रात्री अकरापर्यंत बसवलं. रिलीव्हिंग लेटर यांच्या हातात, बोलणार काय? त्या काळात बीपीची गोळी सुरू झाली ती आजही चालू आहे.

डिलिव्हरीवाला

नव्वद दिवसांना शिव्या देणं सोपं आहे. मी प्रोजेक्ट डिलिव्हरीचा मॅनेजर आहे. एका महिन्यात तीन जण गेले तर त्यांचं काम उरलेल्या सहांवर पडतं. त्यांची मुलं, त्यांची घरं नाहीत? तुम्ही सुटता, मागे राहिलेल्यांचा ताण कोण मोजणार?

बाणेरवासी

मग नऊ जणांचं काम बारा जणांना द्या! बेंच ठेवायचा नाही, बिलेबल नसलेला, म्हणजे ज्याचे पैसे क्लायंटकडून येत नाहीत असा माणूस डोळ्यांत खुपतो, आणि तुमच्या कंजूषपणाची भरपाई मी बीपीच्या गोळ्यांनी करायची?

डिलिव्हरीवाला

माणसं वाढवायचं माझ्या हातात नाही. दोनदा मागितली, दोनदा नकार आला. मीही रात्री साडेदहाला घरी पोचतो, हे लक्षात असू द्या. कंजूष म्हणायच्या आधी विचारायचं होतं.

बाणेरवासी

तुम्हाला वैयक्तिक बोललो ते मागे घेतो. नव्वद दिवसांबद्दलचं नाही.

एक राहिलं. मी पेपर टाकला त्याच आठवड्यात वेलबीइंग अ‍ॅपचं लॉगिन बंद झालं. पहिली प्रश्नावली मी भरली होती, बहुतेक सगळ्यांत वाईट गुण माझेच असतील. शेवटची मला आलीच नाही.

आकडेमोड

अहो, या धाग्यातली सगळ्यात कामाची ओळ तुमची ही आहे. सर्वांत जास्त पिचलेला माणूस मध्येच गळला आणि सरासरी आपोआप सुधारली. कार्यक्रमाने काहीही केलं नाही तरी सुधारली असती. चिठ्ठीत नाव ज्या गटात निघालं, माणूस शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा. मग तो एकाच सत्राला आलेला असो, नाहीतर नोकरी सोडून गेलेला असो.

एचआर_औंध

आमच्या अहवालात राजीनामा दिलेले लोक वगळले होते. कार्यक्रम पुरवणाऱ्या व्हेंडरने तसंच पाठवलं, मी तसंच पुढे दिलं. चूक माझी. पुढची तुकडी एप्रिलमध्ये आहे, तेव्हा चिठ्ठ्या टाकीन आणि सोडून गेलेल्यांनाही प्रश्नावली पाठवीन. कार्यक्रम मात्र बंद करणार नाही, कर्वेरस्ता यांच्यासारख्या एकीसाठी का होईना, चालू ठेवीन.

निळीछत्री

बंद करा असं मी कधीच म्हटलं नव्हतं. कर्वेरस्ता, तुमचं वाचून मी गप्प झाले, हे मान्य करते. पण तुमच्या वहीची उजवी बाजू, जी भरली होती, तिचं काय झालं? ती बाजू कंपनीची आहे. परीक्षा घ्यायचीच तर तिसरा गट करा. त्याला अ‍ॅप नको, साडेआठनंतर कॉल नको, एवढंच.

कर्वेरस्ता

उजवी बाजू अजून तशीच आहे.

डिलिव्हरीवाला

माझ्याकडे जवळपास सारख्या कामाच्या दोन टीम आहेत. नाणं उडवून एकीचे साडेआठनंतरचे कॉल महिनाभर बंद करून बघतो. क्लायंट चिडला तर थांबवणार, आत्ताच सांगून ठेवतो.

आकडेमोड

दोन टीमवरून सिद्ध काही होणार नाही. तरी करा. फॉर्मवर आयडीऐवजी आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःची जन्मतारीख असा कोड घ्या, म्हणजे आधीचं आणि नंतरचं जुळवता येईल. महिना मात्र घेऊ नका, फक्त तारीख.

निळीछत्री

कॉल बंद ठेवायला एक महिना कमी पडेल, सहा आठवडे तरी ठेवा. आणि सत्र असेल तर सव्वा एकला नको.