गोचीड, गंडा आणि जळकं ऑइल: तुमच्या घरी काय झालं?

शेवंती

काल बोक्याला लस टोचून आणायला गेले होते. रांगेत माझ्यापुढे एक काका, मांडीवर टॉवेलात कुत्र्याचं पिल्लू. काळंकुट्ट. मला वाटलं रंगच तसा असेल. वाकून बघायला गेले तर गॅरेजचा भपकारा आला. खरजेवर गाडीचं जळकं ऑइल चोपडलं होतं. शेजारच्यांनी सांगितलं, त्यांच्या म्हशीला गुण आला होता म्हणे. पिल्लू बिचारं रात्रभर अंग चाटत होतं आणि ओकत होतं. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला. हा त्यांचा रागवायचा प्रकार आहे, मला माहीत आहे.

घरी येईपर्यंत मला आजी आठवत राहिली.

१९८८ असेल. आमचं गाव कोरेगावजवळ. चुलतभावाला कुत्रं चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात हे ऐकूनच तो माळ्यावर जाऊन बसला. मग आजीने त्याला पलीकडच्या वाडीतल्या एका माणसाकडे नेलं. त्याने भाकरीत काहीतरी घालून खायला दिलं, दंडाला दोरा बांधला, एकवीस दिवस तेल-तिखट बंद. भाऊ ठणठणीत राहिला. ते कुत्रं पिसाळलेलं नव्हतंच, पुढे दोन वर्षं आमच्याच उंबऱ्यात भाकरी खाऊन होतं. पण हे कुणी बघितलं? आजी गावभर सांगत सुटली, इंजेक्शन नको न काही नको, वाडीला जा.

दोन वर्षांनी मागच्या आळीतल्या मुलाला चावलं. नववीत होता. त्याची आई आजीलाच विचारायला आली. आजी स्वतः बरोबर गेली, दोरा बांधून आणला. पावणेदोन महिन्यांनी समोर पाण्याचा तांब्या धरला तरी त्याचं अंग आकसायला लागलं.

आजी त्यानंतर त्या आळीने देवळात गेली नाही. लांबून, ओढ्याकडून जायची. तिने कधी एक शब्द काढला नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

बुवा-बाबांना शिव्या घालायला हा धागा नाही, त्या घालून झाल्यात. आपण आणि आपल्या घरच्यांनी काय काय करून बघितलं ते लिहा. माणसांवर, जनावरांवर, दोन्ही चालेल.

कमी_तिखट_चिवडा

शेवटचं वाचून फोन खाली ठेवला होता. आत्ता कुकर लावून परत आले.

आमच्याकडे कावीळ. मी अकरावीत, बाबा रसायनशास्त्राचे मास्तर. हो, रसायनशास्त्राचे. तरी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी हात धुऊन घ्यायला गेले. त्या बाई हातावर कसलासा रस चोळायच्या आणि चुन्याच्या निवळीने धुवायच्या. खाली परातीत पिवळंधमक पाणी. "बघा किती उतरली!" बाबा पण बघत राहिले. तीन वाऱ्या केल्या, महिन्याभरात बरी झाले.

पुढे बीएस्सीला होस्टेलवर ही गोष्ट सांगितली तर एकीने आंब्याची साल आणली, दुसरीने पानवाल्याकडून चुना. खोडाची साल हं, फळाची नाही. सात जणींचे हात धुतले, सात जणींची कावीळ उतरली. कुणालाच नव्हती. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मला तेव्हाही कळलं होतं गं. पण तुझे डोळे पिवळे होते."

दगडूशेठ_नाही_दगडू

बाबांचं वाक्य _/\_

आमच्यात माळ घालतात. डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरत जाते तशी माळ लांब होत छातीपर्यंत येते. ती वाढते कशी ते मला आजवर कळलेलं नाही, खरंच.

तांब्याचा_बंब

@दगडू ओल्या काड्या असतात, दोऱ्याच्या फासात अडकवलेल्या. काड्या वाळून बारीक झाल्या की फास सैल पडतात, दोरा सुटत जातो. भिंतीवरच्या खिळ्याला टांगून बघ. आठवड्यात खिळ्याची कावीळ उतरते.

दगडूशेठ_नाही_दगडू

खिळ्याची कावीळ =)) ऑफिसात आहे, हसता पण येईना.

वऱ्हाडी_ठेचा

जनावरांचं मी लिहितो. यवतमाळ जिल्हा, घरी चार बैल, तीन गाई. बैल लंगडला की डाग, खांदा सुजला की डाग, चारा खाल्ला नाही तरी डाग. सळई लाल करून चर्रकन. आमच्या एका बैलाच्या अंगावर इतके डाग होते की लहान बहीण त्याला चित्ता म्हणायची.

पण सांगायचं ते २०२२ चं. लम्पी आला. गाईच्या अंगावर लिंबाएवढ्या गाठी, पाय सुजलेले, ताप. सरकारी डॉक्टर गावात लस घेऊन आले. ती लस मूळची शेळ्यांच्या देवीची, पण लम्पीचा विषाणू त्याच गोतावळ्यातला म्हणून गाईला चालते. त्यांनी हे समजावून सांगितलं तिथंच घोळ झाला. काका उसळले, "बकरीची लस गाईले? ह्या डॉक्टरले याड लागलं का बे?" आणि गोठ्याचं दार लावून घेतलं. मग शेजारच्या गावातून मंतरलेलं पाणी आलं. १५१ रुपये बाटली. ते शिंपडलं, दाराला लिंबू-बिबा टांगला, कडुलिंबाचा धूर केला. धुरानं माशा-डास थोडे कमी झाले असतील तेवढाच फायदा, कारण हा रोग पसरवतात माशा, डास न् गोचीडच.

दोन गाई गेल्या. तिसरी वाचली, ती मी मागच्या दारानं नेऊन टोचून आणलेली. काका आजही सांगतात, तिसरीले मंतरलेलं पाणी लागू पडलं. मी गप राहतो. गोठा त्यांचा आहे.

शेवंती

@ठेचा मागच्या दारानं... धन्य आहात. चित्ता नाव वाचून आधी हसले, मग हसू गेलं.

बे_एरियातली_मावशी

इकडे अमेरिकेत काय कमी नाही हो. २०२१ मध्ये कोविडला उपाय म्हणून लोकांनी आयव्हरमेक्टिन खायला घेतलं. माणसाच्या गोळ्या मिळेनात तेव्हा घोड्यांची जंताची पेस्ट! ट्यूबवर घोड्याचं चित्र, वजनाप्रमाणे खुणा, आणि माझी शेजारीण (दोन मुलं कॉलेजात, स्वतः अकाउंटंट) मला विचारते, "दीडशे पौंडाच्या घोड्याला किती होईल?" दीडशे पौंडाचा घोडा! शेवटी इथल्या एफडीएला, म्हणजे सरकारी औषध खात्याला, जाहीर सांगावं लागलं की बाबांनो तुम्ही घोडा नाही, गायही नाही, बास करा आता.

तेव्हा इकडे आम्ही तिला हसत होतो आणि तिकडे नाशिकला आईच्या उशाशी कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी. तीही मीच फॉरवर्ड वाचून सांगितलेली. हे तिला, म्हणजे शेजारणीला, सांगितलेलं नाही.

मनीमाऊची_आई

मी लिहू की नको करत होते.

आमच्या मनीला ताप होता. रविवार, दवाखाना बंद. लहान मुलाला देतो तशी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात कालवून दिली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच हुशार. संध्याकाळी तिच्या हिरड्या करड्या-तपकिरी दिसायला लागल्या, तोंड सुजलं, धाप लागली. मांजरांना हे औषध अजिबात पचवता येत नाही, रक्त प्राणवायू धरेनासं होतं, हे मला सोमवारी कळलं. मनी रविवारीच गेली.

हे तुमच्या विषयात बसतं का माहीत नाही. ह्यात भोंदू कुणी नव्हता. मीच होते.

कमी_तिखट_चिवडा

अगं. _जवळ घे_ ची स्मायली कुठे गेली इथली?

शेवंती

बसतं ग. म्हणूनच काढलाय धागा.

जोशीबुवा_कीर्तनवाले_नव्हेत

वातावरण हलकं करतो. पात्र: आमचे तीर्थरूप, निवृत्त बँक मॅनेजर, आयुष्यात कुणाला विनातारण कर्ज दिलं नाही. स्थळ: भाजी मंडई. एक सभ्य गृहस्थ जवळ आला, "काका, गुडघा दुखतो ना? माझ्या आईचाही असाच होता." मग एका डॉक्टरांचा नंबर. डॉक्टर घरी आले! गुडघ्यात पू साठलाय म्हणाले. बारीक कापून, वर नळी लावून तोंडाने ओढायचं आणि वाटीत थुंकायचं. पिवळे थेंब. दर थेंबाला ५०० रुपये.

मोजणी बाबांनी स्वतः केली, हिशेबात घोळ नको म्हणून. वहीत चार उभ्या रेघा, एक आडवी. ८४ थेंब. ४२,००० रुपये. घासाघीस करून ४०,००० वर आणले आणि ह्याचा त्यांना संध्याकाळपर्यंत अभिमान होता.

पू कुठला, नळीतच भरून आणलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पेपरात तसलीच बातमी आली, बाबांनी ती कापून त्याच वहीत चिकटवली. पोलिसांत जाऊ म्हटलं तर म्हणाले, "लोक काय म्हणतील, ब्रँच मॅनेजर होता!" गुडघा दुखतोच आहे.

तांब्याचा_बंब

घासाघीस =)) =))

माझ्या मावशीला असल्याच गुडघ्यांसाठी पुड्या मिळायच्या, महामार्गावरच्या तंबूतून. "शुद्ध जडीबुटी". तिसऱ्या दिवशी मावशी जिना चढली. चेहरा गोल गोल झाला, सगळे म्हणाले तब्येत सुधारली. पाच महिन्यांनी साखर ३८० आणि हातावर नुसतं बोट लागलं तरी निळा डाग. आमच्या डॉक्टरांनी चेहरा बघूनच सांगितलं, पुडीत स्टेरॉइड कुटून घातलंय. बरं ते एकदम बंदही करता येत नाही, हळूहळू कमी करावं लागतं. मावशी चिडली ती डॉक्टरांवर. "त्याच्या पुडीने मी चालत होते, तुझ्या गोळीने बसले."

पेन्शनर_डोंबिवली

अवांतर होतंय पण विचारतो. आमच्या सोसायटीत कुत्री येऊ नयेत म्हणून गेटवर लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आहेत. ह्याला काही आधार आहे का? सेक्रेटरी ऐकत नाहीत.

दगडूशेठ_नाही_दगडू

आमच्याकडे लाल होत्या, आता निळ्या आहेत. कुत्रं रोज सकाळी येऊन निळ्या बाटलीवरच पाय वर करतं. निदान जागा ठरली, एवढा फायदा.

वऱ्हाडी_ठेचा

निळीचा खर्च मेंटेनन्समधून का?

पेन्शनर_डोंबिवली

हो. तेच तर भांडण आहे.

रातपाळी

सरकारी दवाखान्यात नर्स आहे, ड्यूटी संपायची आहे म्हणून थोडक्यात. पहिली पोस्ट वाचून राहवलं नाही. ते पोटातलं चौदा इंजेक्शनांचं भूत अजून लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडात देतात: ०, ३, ७, १४, २८ असे दिवस. कातडीत दिली तर चारच फेऱ्या. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागतं. आणि आधी घरीच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. आमच्याकडे येतात ते जखमेत हळद, चुना, मिरचीचं वाटण भरून येतात. ते काढताना पोरं किंचाळतात ना, तेव्हा मला त्या मिरची वाटणारीचा राग येतो, आणि बघते तर ती बाहेर बाकावर रडत बसलेली असते, आजी किंवा आईच.

दोरा बांधून दवाखान्यात जाऊ न देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा, तिन्ही त्यात लिहिलेत. पण तक्रार करायला येतं कोण? घरचेच घेऊन गेलेले असतात.

बस आली.

रायगडचा_बाब्या

विंचवावरून. आमचे आजोबा विंचू उतरवायचे. होय, स्वतःचे आजोबा. राख घेऊन मंत्र म्हणत मांडीपासून खाली हात फिरवायचे. काळा विंचू असला की दुखायचं भयंकर, पण सकाळपर्यंत आपोआप ओसरायचं, आणि दारात नारळ यायचा. लाल विंचू असला तर मात्र पोर घामाने निथळायचं, हातपाय गार, छातीत पाणी, आणि पहाटे खलास. तेव्हा आजोबा म्हणायचे, "उशिरा आणलंत."

मग महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर आले. त्यांनी लाल विंचवाच्या पेशंटच्या उशाशी बसून बसून रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी लागू पडते हे शोधलं, ते थेट लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं, पुढे पद्मश्रीही मिळाली. आमच्या दारातले नारळ कमी कमी होत गेले.

एकदा माझ्या आत्येबहिणीलाच लाल विंचू चावला. आजोबांनी राख हातात घेतली, पोरीच्या कपाळावरचा घाम बघितला, राख खाली ठेवली आणि म्हणाले, "जीप बघा. महाडला." मंत्र त्यांनी सोडला नाही हं. जीपमध्ये मागे बसून पुटपुटत होते. वाचली ती.

शेवंती

@बाब्या हे वाचून आजीची फार आठवण आली. काय ते नीट सांगता येत नाहीये.

पिल्लाचं: दवाखान्यात फोन केला होता. भांडी घासायच्या साबणाने तीनदा धुतलं, सलाइन लावलं, काल रात्री भात खाल्ला. मूळचा रंग बदामी निघाला. काकांनी नाव काळू ठेवलं होतं, ते आता तसंच ठेवणार म्हणाले.

नवीन_आयडी_२३

छान चर्चा, सगळे प्रतिसाद वाचले. वर ज्यांनी माळेचं लिहिलंय त्यांना विचारायचं होतं, माळ घालणारे अजून आहेत का तिकडे? साडूंचे डोळे परवापासून पिवळे आहेत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.

तांब्याचा_बंब

अहो!!!

नवीन_आयडी_२३

डॉक्टरकडे तर जाणारच आहोत हो. माळ आपली वरून.