विषय: ऑरलँडो सहल – शनिवारी का निघालो नाही, आणि रविवारचा प्रवास

प्रेषक: सहल समिती
शनिवार, रात्री ९.१०

मंडळी, आम्ही सगळे सुखरूप पोचलो. विमानं वेळेवर, मुलं थकून झोपली, मोठ्यांचा चहा चाललाय. एवढंच चुकल्यासारखं वाटतंय की आपल्यातलं एक कुटुंब बरोबर नाही. ताई, यादीत तुमची पाच नावं होती आणि ऐनवेळी तुम्ही रविवारची तिकिटं काढलीत. तिकिटांची अडचण होती का? तसं असेल तर समितीला सांगायला हवं होतंत. सोमवारी डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कला तरी भेटूच.

---

प्रेषक: पिस्कॅटवेहून, सध्या किसिमी
रविवार, रात्री १०.४०

भाऊ, सर्व मंडळी,

तुमची मेल शनिवारी रात्री पाहिली, पण तेव्हा न्यू जर्सीच्या घरात बॅगा उघड्या पडल्या होत्या. आता मुलं झोपलीत, आई सोफ्यावर जपमाळेसारखी औषधांची डबी मोजतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

तिकिटांची अडचण नव्हती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी दिवे लावले की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमच्याकडे गाडी चालत नाही, पैशाला हात लागत नाही, काही लिहीत नाही, विस्तव पेटवत नाही. परवा दिवे लावले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. जानेवारीत दिवस केवढासा असतो! तुम्ही शनिवारी सकाळी बॅगा गाडीत टाकत होतात तेव्हा आमच्या बॅगा दिवाणखान्यात अर्ध्या भरलेल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघायचंही नव्हतं. शब्बाथच्या, म्हणजे या विश्रांतीच्या दिवशी पुढच्या दिवसाची तयारीसुद्धा करायची नसते. धाकटी पाच वर्षांची आहे. पोहायचे कपडे आत गेलेत की नाही हे तिला शंभरदा बघायचं होतं. दिवसभर ती बॅगेशेजारी बसून राहिली, पण चेन उघडली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

पावणेसहाच्या सुमारास शब्बाथ सुटला. हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप द्यायचा विधी केला: द्राक्षरस, पिळाची मेणबत्ती, वास घ्यायला आमच्या घरात लवंग आणि दालचिनी. मग आईनं मलिदा करायला घेतला. प्रवास असो, नवस फेडायचा असो, लग्न असो, आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेऊन मलिदा होतो. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, सुका मेवा. भोवती फळं मांडायची, प्रत्येकावर आपापली ब्राखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी छोटी प्रार्थना म्हणायची आणि मग खायचं. आईनं नारळ स्वतः खवला. खवलेला मिळतो म्हटलं तर म्हणाली, "निघायच्या आदल्या रात्री विकतचा नको."

साडेआठला शेजारच्या वहिनी दही-साखर घेऊन दारात. त्यांच्या घरी कुणी गावाला निघालं की हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. पण आम्ही नुकतीच कोंबडी खाल्ली होती, आणि मटण-कोंबडीनंतर आमच्या घरी सहा तास दूध-दही चालत नाही. मला काय बोलावं कळेना, कसंबसं सहा तासांचं सांगितलं. वहिनींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, चमच्यानं वाटीच्या कडेची कोरडी साखर अलगद काढली आणि पाचही जणांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली. "दही पहाटे निघताना खा, तोवर सहा तास होतील," म्हणाल्या, आणि वाटी ठेवून गेल्या. पहाटे साडेतीनला आम्ही ते दही उभ्यानं खाल्लं.

निघताना प्रत्येकानं मेझुझाला, म्हणजे दाराच्या चौकटीवर लावलेल्या धर्मवचनांच्या छोट्या डबीला, बोटं लावून ओठांना लावली. मुलांच्या खिशात एकेक डॉलर होता. आमच्या सिनेगॉगमधल्या एका आजोबांनी गुरुवारीच दिला होता, ऑरलँडोला पोचल्यावर दानपेटीत टाकायला. चांगल्या कामाला निघालेल्याला वाटेत इजा होत नाही, असं आमच्याकडे मानतात. म्हणून प्रवाशाच्या हाती दुसऱ्याचं दान द्यायचं, म्हणजे तो नुसता सहलीला जात नाही, कुणाचं तरी काम घेऊन जातो.

आता विमानतळ. थोरल्याचं बार मित्स्वा, म्हणजे तेराव्या वर्षी मुलगा धर्मापुरता मोठा झाल्याचा संस्कार, नुकतंच झालंय, त्यामुळे तेफिलीन घेऊन हा त्याचा पहिलाच विमानप्रवास. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: चामड्याच्या दोन काळ्या चौकोनी डब्या, आत चर्मपत्रावर हातानं लिहिलेली वचनं, आणि लांब काळे पट्टे. सकाळच्या प्रार्थनेला एक डबी दंडावर बांधायची, एक कपाळाच्या वर. २०१० च्या जानेवारीत न्यू यॉर्कहून निघालेल्या एका विमानात एका मुलानं तेफिलीन बांधलं, कुणाला काय आहे ते कळलं नाही आणि विमान फिलाडेल्फियाला उतरवलं गेलं. ती बातमी माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून थोरल्याला चार दिवस आधीपासून सांगून ठेवलं होतं की विचारलं तर घाबरू नकोस, शांतपणे सांग. तपासणीला पिशवी बाजूला काढलीच. बाईंनी विचारलं, त्यानं सांगितलं. त्यांनी मखमली पिशवी दोन्ही हातांनी उचलली, आत पाहिलं आणि तशीच दोन्ही हातांनी परत दिली. थोरला मला हळूच म्हणाला, "त्यांनी नीट धरली."

आईची ओल्या नारळाची चटणी मात्र तिथेच राहिली. ओली चटणी द्रव पदार्थात धरतात, १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. लसणाची सुकी चटणी गेली. फॉइलमध्ये गोठवून दगड केलेली सुकी कोंबडीही गेली. पुढे कुणी जाणार असेल तर ध्यानात ठेवा: कडक गोठलेलं जातं, जरा पाणी सुटलं की अडतं.

विमान सातचं होतं आणि तेफिलीन रात्री बांधत नाहीत. उजाडायला लागल्यावरच. किती उजाडलं की चालतं? चार हातांवरचा ओळखीचा माणूस ओळखू येईल इतकं. कॅलेंडरमध्ये सहा-वीस लिहिलं होतं, म्हणजे नेमकी बोर्डिंगची वेळ. थोरला आणि त्याचे बाबा काचेशी जाऊन उभे राहिले. बाहेर काळोख, खाली पिवळ्या दिव्यांत सामानाच्या गाड्या. बाबांनी त्याला समजावलं की पूर्वी घड्याळ नव्हतं, तेव्हा शेजाऱ्याचा चेहरा हेच घड्याळ. मग हळूहळू आभाळाच्या कडेला राखाडी रेघ उमटली. थोरल्यानं डावी बाही वर केली, दंडावर डबी बसवली, पट्टा हाताला सात वेढे घेऊन आवळला. त्याचे हात थोडे थरथरत होते. मागच्या रांगेतलं एक कुटुंब उठून जरा सरकून बसलं, त्याला जागा व्हावी म्हणून. आई त्याच्या मागे उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. "आज तुझे वडील असते तर," एवढंच ती मला म्हणाली.

पुढचं भरभर सांगते. पंखांवरचा बर्फ काढायला आधी केशरी, मग हिरवा द्रव फवारला, त्यात पाऊण तास गेला. विमान धावायला लागल्यावर बाबांनी प्रवासाची प्रार्थना म्हटली, तेफिलात हादेरेख. आईनं तिची मराठीतली म्हटली, जी ती रेवसच्या लाँचमध्ये बसताना म्हणायची: "देवा, नीट ने आणि नीट आण." ऑरलँडोला गाडी भाड्यानं देणाऱ्यांकडे धाकटीची सीट तयार नव्हती, तिथे आणखी एक तास. आई खुर्चीवर बसून होती, मुलं भुकेली, आणि मला खरंच राग आला होता. पण ४१७ रस्त्याला लागल्यावर खिडकी उघडली, उबदार वारा आत आला आणि सगळ्यांनी जॅकेटं काढून मागे फेकली.

घराचा ताबा चारला मिळणार होता. तोवर एका बागेतल्या बाकावर पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी खाल्ली. पोळी खाण्याआधी हात धुवायचे असतात, त्यासाठी दोन कानांचा पेला मी बरोबर घेते. नळ, पेला, रांगेत पाच माणसं. शेजारी खेळणाऱ्या एका लहान मुलालाही हात धुवायचे होते, त्याचेही धुतले.

घरी आल्यावर धाकटीनं सवयीनं दाराच्या चौकटीकडे हात नेला. तिथे काहीच नव्हतं. ती चौकटीवर वर-खाली चाचपत राहिली. बाबांनी सांगितलं की भाड्याच्या घरी तीस दिवसांहून कमी राहणार असू तर मेझुझा लावावा लागत नाही. "मग हे घर आपल्याला ओळखणार कसं?" ती म्हणाली. शेवटी तिनं रिकाम्या चौकटीलाच बोट लावून ओठांना लावलं.

ओव्हन इतरांनी वापरलेला, म्हणून कोंबडी दुहेरी फॉइलमध्येच गरम केली. तवा, कढई, सुरी घरचीच आणली. बिडाचा तवा टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातला होता. बॅग उघडली तर वर तपासणीची चिठ्ठी आणि टॉवेल आधीपेक्षा नीट घडी केलेला. त्याच तव्यावर रात्री भाकरी भाजल्या. आजच्या दिवसात एकही पाळणा नाही, एकही राजकन्या नाही, तरी मुलं म्हणतायत की सहल सुरू झाली.

तेव्हा भाऊ, अडचण आमची नव्हती, वार शनिवार होता. मी हे यादी ठरत असतानाच सांगायला हवं होतं. एका घरासाठी सगळ्यांना कशाला त्रास, म्हणून गप्प राहिले. ते बरोबर केलं नाही, असं आता वाटतंय.

---

प्रेषक: पिस्कॅटवेहून, शेजारीण
रविवार, रात्री ११.०५

अगं, सहा तासांचं मला आधी माहीत असतं तर संध्याकाळीच पाचला आले असते! पण तेव्हा तुमचा शब्बाथ. बरं झालं पहाटे खाल्लंत. वाटी परत द्यायची घाई करू नकोस. मलिद्याचा वास जिन्यापर्यंत येत होता, आल्यावर मला शिकव.

---

प्रेषक: एडिसनहून, काका
सोमवार, सकाळी ६.३०

पोरी, मेल वाचून झोप उडाली. मी रेवदंड्याचा. आमच्या आळीपलीकडे तुमच्या लोकांची घरं होती, सिनेगॉग होतं. आजी त्यांना 'शनवार तेली' म्हणायची. घाणा मी पाहिला नाही, माझ्या वेळेपर्यंत बहुतेक लोक मुंबईला नोकरीला गेले होते, पण शनिवारी यांचा घाणा बंद म्हणून हे नाव, एवढं माहीत होतं. नवगावला गलबत फुटून तुमचे पूर्वज किनाऱ्याला लागले ती गोष्ट आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरच्या एलियाहूच्या रथाच्या खुणाही लहानपणी ऐकलेल्या. ज्या गावानं तुमचा वारच तुमचं नाव करून ठेवला, त्या गावच्या मला सहलीचा वार ठरताना तो आठवू नये, हे मला लागलं. मी समितीत आहे. शनिवार मीच सुचवला होता, तिकिटं स्वस्त म्हणून.

---

प्रेषक: सहल समिती
सोमवार, सकाळी ७.१५

ताई, काकांशी आत्ताच फोनवर बोललो. पुढच्या वर्षी निघणं रविवारी, तिकिटं महाग पडली तरी. आणि हे कुणा एका घरासाठी नाही, मंडळाचा कार्यक्रम आहे म्हणून. आज जेवायचं कसं करायचं? आम्ही बसून जेवायचं ठिकाण राखलंय, तुम्हाला वेगळं बसावं लागेल का?

---

प्रेषक: पिस्कॅटवेहून, सध्या किसिमी
सोमवार, सकाळी ७.४०

वेगळं कशाला? त्यांना आठवड्यापूर्वी कळवलंय, आमचं कोशेर, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमांप्रमाणे केलेलं जेवण सीलबंद येईल, सील आम्ही टेबलावर फोडू. तुमच्या शेजारीच बसू. माझ्याकडे सुकी चटणी भरपूर आहे.

काका, मनाला लावून घेऊ नका. रेवदंड्याबद्दल आईला वाचून दाखवलं, ती तुमच्या आळीचं नाव विचारतेय. तिला फोन करा.

एकच विनंती. गाड्या लावल्यावर पार्कच्या दारापर्यंत मोनोरेल जाते आणि तलावातून फेरीबोटही जाते. सगळे मोनोरेलनं गेलात तरी आम्ही फेरीनं येऊ. आईला बोटीतच बसायचंय, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायची तशी, कठड्याशी उभं राहून. कुणाला सोबत यायचं असेल तर साडेआठला फेरीच्या धक्क्यावर. थोरल्याकडे निळी टोपी आहे, लांबूनही ओळखू येईल.