एपिड्युरलने नेमके काय थांबते : कळ की दुखणे?

अनुराधा : बाळंतपणातले दुखणे कमी करण्यासाठी कमरेत देतात त्या ‘एपिड्युरल’ इंजेक्शनविषयी, गर्भवतींसाठीच्या एका माहितीपत्रकाचा इंग्रजीतून अनुवाद करीत आहे. ‘मणक्यात भूल दिली की कळा थांबतात’ हे माझे वाक्य तपासताना भूलतज्ज्ञ बाईंनी पूर्ण खोडले. कळा थांबल्या तर बाळ बाहेर कसे येणार, असा त्यांचा सवाल आहे. मराठीत गर्भाशयाचे आकुंचन आणि त्याचे दुखणे या दोन्हींना आपण कळच म्हणतो. मग लिहावे काय?

सदानंद : ‘वेणा’ लिहावे. जुना, नेमका शब्द आहे.

माधवी : नेमका कसला! वेणा हा वेदनेचाच झिजलेला अवतार आहे, त्यामुळे ‘वेणा थांबतात’ म्हटले तरी अडचण तीच राहते. ‘कळा चालू राहतात, त्यांचे दुखणे कमी होते’ असे सरळ लिहावे.

सदानंद : ते मान्य. मात्र ‘एपिड्युरल’ मराठी मजकुरात कशाला हवे? ‘आवरणबाह्य बधिरीकरण’ म्हणता येईल.

डॉ. वसुधा : शरीररचनेच्या दृष्टीने शब्द चूक नाही, पण कळा सोसणारी बाई तो उच्चारणार कधी? खरा आक्षेप ‘मणक्यात’ला आहे, कारण तो ऐकून हाडाला भोक पाडतात असे वाटते. सुई कमरेच्या दोन मणक्यांमधल्या फटीतून जाते आणि मज्जारज्जूभोवतीच्या बाहेरच्या आवरणाच्या अलीकडे थांबते. तिथे केसासारखी बारीक नळी ठेवून औषध लागेल तसे देत राहतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आणि सुई त्याच्या खाली टोचतात. सिझेरियनसाठी बहुधा देतात ते स्पायनल वेगळे. त्यात आवरण भेदून आतल्या द्रवात एकदाच औषध सोडतात. दोन्हींना ‘मणक्यातली भूल’ म्हटल्याने एकीचे अनुभव दुसरीच्या नावावर जमा होतात.

रेवती : माझ्या जावेची कंबर त्या इंजेक्शननेच कायमची धरली, असे घरात सगळे म्हणतात.

डॉ. वसुधा : टोचलेली जागा काही दिवस दुखते, पण दीर्घकाळची कंबरदुखी एपिड्युरलने वाढते असे अभ्यासांत आढळलेले नाही, बाळंतपणानंतर ते न घेतलेल्यांचीही कंबर दुखते. सिझेरियनचे प्रमाणही त्याने वाढत नाही, मात्र जोर देण्याचा टप्पा लांबू शकतो. रक्तदाब उतरणे, खाज, थंडी वाजणे, ताप हे त्रास होतात. सुमारे 100 पैकी एकीला चुकून आवरण भेदले जाऊन, उठून बसताच वाढणारी तीव्र डोकेदुखी होते. तिच्यावर उपचार आहेत. नसेला कायमची इजा अत्यंत विरळ. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा प्लेटलेट फार कमी असतील, तर सहसा एपिड्युरल देत नाहीत. हे सारे छापावे, केवळ ‘सुरक्षित’ लिहून मोकळे होऊ नये.

माधवी : ‘भूल’ही काढावी. भूल म्हटले की शुद्ध हरपणार असे वाटते, आणि इथे तर बाई जागी राहून जोर देत असते.

सदानंद : म्हणूनच मी बधिरीकरण म्हणालो होतो.

माधवी : बधिर म्हणजे मुळात बहिरा! कमरेखाली ऐकू येईनासे होते का?

सदानंद : दाताचे डॉक्टर ‘जागा बधिर करतो’ म्हणतात, तेव्हा कोणी कानावर हात ठेवीत नाही.

अनुराधा : पत्रक उद्या छपाईला जायचे आहे, आणि शीर्षकात ‘भूल’ अजून तशीच आहे.

रेवती : जाऊबाईंना एपिड्युरल दिले होते की स्पायनल, ते आधी विचारून येते.