१०१.७ वरचं रॉक स्टेशन, ऐकणारे असूनही बंद का पडलं?

बटन_नंबर_तीन:

बॉस्टनमध्ये किंवा आसपास राहिलेल्या मंडळींसाठी प्रश्न आहे, बाकीच्यांनीही सांगितलं तरी चालेल. परवा जुनी गाडी विकायला काढली, २००३ चं मॉडेल, शिकायला आलो तेव्हापासूनची. आतून पुसत होतो म्हणून रेडिओ लावला आणि सवयीने तीन नंबरचं बटन दाबलं. त्या बटनावरचा ३ केव्हाच पुसला गेलाय, बाकीचे पाच आकडे अजून ठळक आहेत, यावरून काय ते समजा. तर १०१.७ वर एक दादा पिकअप ट्रक आणि तुटलेल्या हृदयाबद्दल गात होते. कंट्री. तसं मला माहीत होतं की तिथलं रॉक स्टेशन डब्ल्यूएफएनएक्स, आमच्या भाषेत एफएनएक्स, २०१२ मध्येच गेलं, पण बटन बदललंच नव्हतं मी, इतकी वर्षं त्या गाडीत फोनच लावतोय.

डब्ल्यूएफएनएक्स म्हणजे काय होतं हे नवीन लोकांना सांगायचं तर, लॅन्सडाउन स्ट्रीटवरच्या अ‍ॅक्सिस क्लबमध्ये २३ सप्टेंबर १९९१ ला या स्टेशनच्या वाढदिवसाच्या पार्टीला निर्वाणा हा रॉक बँड वाजवून गेला, त्यांचा तो प्रसिद्ध अल्बम 'नेव्हरमाइंड' दुसऱ्या दिवशी दुकानात यायचा होता. म्हणजे सगळ्या जगाला कळायच्या एक दिवस आधी. मी तेव्हा शाळेत होतो आणि माझ्यासाठी गिटार म्हणजे आर. डी. बर्मन, पण नंतर इथे आल्यावर लॅबमधून रात्री परत येताना याच स्टेशनने मला शिकवलं हे सगळं.

प्रश्न असा की माझ्या ओळखीचे निम्मे लोक हेच ऐकायचे, शहरभर कॉलेजची पोरं, मग एवढे ऐकणारे असताना स्टेशन विकायची वेळ का आली? आणि एफएम नाही तर नाही, नेटवर का नाही टिकलं?

गप्प_बसा:

स्पॉटिफाय. विषय संपला.

ट्रॅफिकवाली_ताई:

गप्प बसा, तुम्हीच जरा गप्प बसा :) स्पॉटिफाय अमेरिकेत आलं जुलै २०११ मध्ये आणि एफएनएक्स विकल्याची बातमी आली मे २०१२ मध्ये, दहा महिन्यांत कोणी एवढं मोठं झाड पाडत नाही, ते आधीच पोखरलेलं होतं.

मी न्यू इंग्लंडमधल्याच एका छोट्या स्टेशनवर (दुसऱ्या, नाव नको) सहा वर्षं ट्रॅफिकमध्ये होते. ट्रॅफिक म्हणजे रस्त्यावरचं नाही, कुठली जाहिरात किती वाजून किती मिनिटांनी लागणार याचा लॉग रोज बनवायचा, ते काम. त्यामुळे गाणी कुठली लागतात यापेक्षा दोन गाण्यांच्या मधे काय विकलं गेलं हेच मला जास्त दिसायचं, आणि तिथूनच सांगते.

तुम्ही म्हणता ऐकणारे होते. हो होते, पण स्टेशन ऐकणाऱ्यांना विकायचं नसतंच, त्यांच्याकडून एक डॉलरही येत नाही. दोन गोष्टी विकता येतात, एक जाहिरातीचा वेळ आणि दुसरी म्हणजे खुद्द ती फ्रिक्वेन्सी. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्टच्या आधी एका कंपनीला सगळ्या देशात मिळून ४० च्या वर स्टेशनं ठेवता येत नव्हती. त्या कायद्याने देशपातळीवरची मर्यादा काढूनच टाकली आणि मोठ्या शहरात एकाच मालकाला आठपर्यंत परवानगी दिली. चार-पाच वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच रेडिओ कंपनीकडे हजाराच्या वर स्टेशनं. आता विचार करा, माझा सेल्सवाला एका गाड्यांच्या शोरूमच्या मालकाकडे जायचा आणि म्हणायचा आमच्याकडे १८ ते ३४ वयाची मुलं ऐकतात. त्याच्या आधी मोठ्या कंपनीचा माणूस येऊन गेलेला असायचा, तो एका कागदावर चार स्टेशनं घेऊन यायचा, पोरं, बायका, म्हातारे, ट्रॅफिकमध्ये अडकलेले सगळे एकाच पॅकेजमध्ये, आणि चौथं स्टेशन जवळजवळ फुकट. आमचा दर त्याच्या फुकटाच्या शेजारी ठेवला जायचा. संध्याकाळी लॉग भरायला बसले की रिकाम्या जागा दिसायच्या, मग तिथे रक्तदानाच्या आणि जंगलातल्या आगीच्या जाहिराती टाकायच्या, त्यांचे पैसे मिळत नाहीत. ज्या महिन्यात रक्तदान फार ऐकू यायला लागलं त्या महिन्यात मी नवीन नोकरी शोधायला सुरुवात केली.

एफएनएक्सचं अजून एक होतं. ते बॉस्टन फिनिक्स या साप्ताहिकाच्या मालकाचं होतं, १९८३ पासून. पेपर आणि रेडिओ एकमेकांच्या जाहिराती ओढायचे, त्याच क्लबांच्या, त्याच रेकॉर्ड दुकानांच्या. मग छोट्या जाहिराती क्रेगलिस्ट या वेबसाइटवर फुकट जायला लागल्या आणि पेपरचंच कंबरडं मोडलं. घर चालवायला गाय विकावी तसं १०१.७ विकलं, १ कोटी ४५ लाख डॉलरला, क्लिअर चॅनललाच. त्यांच्याकडे बॉस्टनमध्ये किस १०८ आणि जॅमिन ९४.५ ही स्टेशनं आधीच होती, त्यांना हवी होती फक्त फ्रिक्वेन्सी. बहुतेक स्टाफला लगेच नारळ. आणि एवढं करून पेपर वाचला का, तर नाही, मार्च २०१३ मध्ये तोही बंद.

काठावरचा_काका:

ट्रॅफिकवाली ताई, मस्त लिहिलंत. त्या क्लिअर चॅनलची एक गंमत राहिली. २००८ मध्ये ती कंपनीच कर्ज काढून विकत घेतली गेली आणि घेणाऱ्या दोन्ही फर्म, बेन कॅपिटल आणि थॉमस एच. ली, या आपल्या बॉस्टनच्याच. ते कर्ज शेवटपर्यंत फिटलं नाही, पुढे आयहार्टमीडिया नाव घेऊन २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेले, तेव्हा कर्ज २० अब्ज डॉलरच्या घरात होतं. म्हणजे गिळणारा पण उपाशीच.

आता माझा गुन्हा कबूल करतो. आमच्या घरी एकदा आर्बिट्रॉन या रेटिंगवाल्या कंपनीची डायरी आली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रेटिंग मोजायला घरोघरी एक छोटी वही पाठवायचे, आठवडाभर कधी कुठलं स्टेशन ऐकलं ते हाताने लिहायचं आणि टपालात टाकायचं. पाकिटात कोऱ्या करकरीत एकेक डॉलरच्या नोटा असायच्या, लाच म्हणा. मी सातही दिवस सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ७ एफएनएक्स लिहून टाकलं. खरं तर बुधवारी गाडी गॅरेजमध्ये होती आणि मी ट्रेनने गेलो होतो. बायको प्रामाणिक, तिने एनपीआर, म्हणजे बातम्या-गप्पांचा सार्वजनिक रेडिओ, लिहिलं आणि एका दुपारी 'शेजारच्यांचा रेडिओ, नाव माहीत नाही' असंही लिहिलं.

सांगायचा मुद्दा असा की माझ्यासारखे भक्त प्रत्येक अशा स्टेशनला होते आणि वहीत ते भक्ती लिहायचे. २००७ पासून शहराशहरात वही जाऊन पेजरसारखं यंत्र आलं, पीपीएम, ते कंबरेला लावून फिरायचं आणि कानावर जो आवाज पडेल त्यातला लपवलेला कोड ते आपणच पकडणार. त्याला भक्ती कळत नाही. डेंटिस्टकडे छताच्या स्पीकरवर जे मवाळ गाणं चालू असतं तेही मोजलं जातं आणि तुम्ही अनोळखी बँड लागला म्हणून दोन मिनिटांत बटन बदललंत तेही. नवीन बँड लावणं हाच ज्यांचा धंदा त्यांना हे यंत्र म्हणजे साडेसातीच.

खरखर:

सगळे पैशांवरच बोलताय म्हणून जरा कडू बोलतो, चालवून घ्या. संगीतही जबाबदार होतं. १९९५ च्या आसपास अल्टरनेटिव्ह, म्हणजे चाकोरीबाहेरचं रॉक, हा शब्द विकायला लागला तेव्हा १९६८ पासून रॉक वाजवणाऱ्या बॉस्टनच्याच बीसीएन स्टेशनने सुद्धा तोच झगा चढवला, एफएनएक्सच्या दारातच दुसरं दुकान. मग दोघांनी मिळून तीच पंचवीस गाणी रगडली. माझा सिग्नल तसाही वूस्टरच्या अलीकडेच खरखरायला लागायचा (आयडी उगाच नाही घेतला), आणि खरं सांगू का, २००१ च्या सुमाराला खरखर बरी वाटायची. बीसीएन ऑगस्ट २००९ मध्ये गेलं.

आणि हे फक्त बॉस्टनचं नाही. वॉशिंग्टनचं डब्ल्यूएचएफएस, ज्यांचा महोत्सव आरएफके स्टेडियम भरायचा, १२ जानेवारी २००५ ला भर दुपारी स्पॅनिश झालं. आधी काही सांगितलं नाही, एक गाणं संपलं आणि एकदम साल्सा. तिथे स्पॅनिश ऐकणारे खूप होते आणि त्यांना मोठं स्टेशन नव्हतं, त्यांच्या बाजूने बघितलं तर तो आनंदाचा दिवस. हे मला पटायला दहा वर्षं लागली. प्रॉव्हिडन्सचं डब्ल्यूबीआरयू तर ब्राउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चालवलेलं, तेही २०१७ मध्ये ९५.५ विकून मोकळे, तिथे आता ख्रिश्चन भक्तिसंगीत लागतं.

बटन_नंबर_तीन:

बापरे, एवढं सगळं होतं होय यामागे. पण मग सरकारकडे तक्रार वगैरे करता येत नाही का? लायसन्स तर जनतेच्या हवेचंच असतं ना, एफसीसी देतं ते, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं. लोकांना हवं असलेलं स्टेशन असं बदलता येतं? आणि नेटवाला प्रश्न तसाच राहिला.

ट्रॅफिकवाली_ताई:

करता येते पण उपयोग शून्य. न्यूयॉर्कच्या एका क्लासिकल स्टेशनचे श्रोते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, १९८१ मध्ये निकाल लागला की गाण्याचा प्रकार बाजारावर सोडायचं एफसीसीचं धोरण कायद्यात बसतं. एफसीसी बघणार मालक कोण, सिग्नल कुठे जातो, शिव्या कधी दिल्या. काय वाजवता ते तुमचं तुम्ही.

नेटचं उत्तर मात्र गणितातच आहे. अमेरिकेत एफएमवाले गीतकार-संगीतकारांचे पैसे भरतात पण गायक-वादकांना आणि रेकॉर्ड कंपनीला दमडी देत नाहीत, कायद्यानेच. तेच गाणं नेटवर लावलं की त्यांचेही द्यावे लागतात, आणि ते दर गाण्यामागे, दर श्रोत्यामागे. २०१० चा दर होता ०.००१९ डॉलर. वाटतो किती किरकोळ! आता तासाला १५ गाणी धरा आणि कायम १,००० माणसं ऐकतायत असं धरा. तासाला २८ डॉलर ५० सेंट. दिवसाला ६८४. वर्षाला जवळजवळ अडीच लाख, आणि अजून एकही पगार दिलेला नाही. एफएमवर हजाराचे लाख श्रोते झाले तर तुमचा खर्च तोच राहतो, नेटवर जेवढे लोकप्रिय व्हाल तेवढं बिल वाढतं. छोट्यांना उत्पन्नाच्या टक्केवारीवर भागवायची सवलत मिळाली होती, पण टक्केवारीला आधी उत्पन्न तर पाहिजे.

काठावरचा_काका:

याचं जिवंत उदाहरण म्हणजे ओहायोमधलं ऑक्सफर्ड गावचं डब्ल्यूओएक्सवाय. १९८३ पासून याच प्रकारची गाणी, एफएनएक्सचं जुळं भावंडच म्हणा. २००४ मध्ये फ्रिक्वेन्सी विकली आणि नेटवर गेले, जगभरातून लोक ऐकायचे, मालक बदलले, शेवटी बिऱ्हाड ऑस्टिनला हलवलं आणि मार्च २०१० मध्ये बंद. आपल्याकडेही बॉस्टन डॉट कॉमने ऑगस्ट २०१२ मध्ये एफएनएक्सचेच काही आवाज घेऊन नेटवर स्टेशन काढलं होतं, मी ऑफिसात लावायचो, काही वर्षांनी त्यांनीही गाशा गुंडाळला. गाणी तीच, माणसं तीच, तरी मला मजा आली नाही. गाडीत बसल्यावर आपोआप कानावर पडणं आणि मुद्दाम कॉम्प्युटरवर खिडकी उघडून प्ले दाबणं यात फरक आहे.

खरखर:

हे मात्र अगदी अगदी. मला गाणी नाही आठवत तेवढी, मला आठवतं की रात्री साडेअकराला कोणीतरी जागं होतं आणि ते म्हणायचं की आज लॅन्सडाउनवर अमुक बँड होता, गर्दी नव्हती, तुम्ही यायला हवं होतं. बर्फ पडत असला तर त्यालाही तोच बर्फ दिसत असायचा. अ‍ॅपला कुठला बर्फ.

बाय द वे बटन नंबर तीन, गाडी विकायच्या आधी डायल अगदी डावीकडे नेऊन बघा. ८८.१ ला एमआयटीचं डब्ल्यूएमबीआर, ८८.९ ला एमर्सन कॉलेजचं डब्ल्यूईआरएस, ९०.३ ला बॉस्टन कॉलेजचं. ही जाहिरातींवर चालत नाहीत, डब्ल्यूएमबीआरवर तर सगळे बिनपगारी, वर्षातून एकदा आठवडाभर देणगीसाठी झोळी फिरवतात. निवेदक अडखळतात, एखादा चुकीचाच ट्रॅक लावून सॉरी म्हणतो. मी दर वर्षी वीस डॉलर देतो आणि वर्षभर टीका करायचा हक्क मिळवतो.

बटन_नंबर_तीन:

आत्ता गॅरेजमध्ये जाऊन आलो. ८८.१ वर एक मुलगी बँडचं नाव तीन वेळा चुकली आणि स्वतःच हसली. तीन नंबरवर सेव्ह केलंय. आता गाडी विकू की नको हा वेगळाच प्रश्न उभा राहिला, घरी अजून बोललो नाहीये.

कोणाकडे एफएनएक्सच्या शेवटच्या दिवसाचं काही आहे का? ऐकलंय की शेवटचं गाणं म्हणून त्यांनी द क्युअर या बँडचं तेच लावलं जे १९८३ मध्ये पहिलं लावलं होतं. मी त्या जुलैमध्ये पुण्यात होतो, भाचीच्या लग्नाला, चुकलं.

काठावरचा_काका:

आहे ना. गाडी रस्त्याकडेला लावून डॅशबोर्डच्या स्पीकरला फोन धरून रेकॉर्ड केलंय. पाठवतो. फक्त एसीचा घुं घुं आवाज आहे आणि ऐन मोक्याला आमची ही म्हणते, 'अहो, पार्किंगचा मीटर संपला, तो बघा आला तिकीट फाडायला.' तिकीट मिळालंच.